कोठीत खाल्लेला नाश्ता

बाळांनो, रमजानच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही फोनवर विचारलं होतं, "दादी, तुझा रोजा आहे ना?" मी "हो" म्हणाले. ते खोटं होतं. तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. आता ईद होऊन पंधरा दिवस झाले, घरातली माणसं पुन्हा होती तशी झाली, म्हणून खरं काय ते क्रमाने लिहिते. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण हे मराठीतच लिहिलेलं बरं. इंग्रजीत मी जरा जास्तच सभ्य होते.

साठीपर्यंत मी एकही रोजा सोडला नाही. मग साखरेचा आजार जडला, सकाळी इन्सुलिनची सुई सुरू झाली. सुई घेतली की अर्ध्या तासात खावंच लागतं. आजारी माणसाला धर्मानेच सूट दिली आहे. पण आपल्या घाटनांदुरात रोजा नसलेल्याने पडद्याआड खायचं, अशी रीत. हॉटेलांच्या दारालाही महिनाभर पडदे लागतात. उपाशी माणसासमोर खाऊ नये, इतकंच त्यामागे असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

पण आमच्या घरात पडदा लावतो कोण? तुमच्या आजोबांचा धाकटा भाऊ. अकरा महिने हा माणूस गुटख्याच्या पिंका टाकून अंगणातली भिंत लाल करतो. मशीद घरापासून शंभर पावलांवर, पण शुक्रवारी जुम्म्यालाही जात नाही. रमजानचा चंद्र दिसला की डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा, आणि गुटख्याचा वास मारायला इतकं अत्तर की मी खिडक्या उघडते. टीव्हीवर चादर पडते. रोज रात्री तरावीहच्या नमाजला मशिदीत पहिल्या रांगेत घुसतो. वर्षभर पहाटे बांग देणारे, मशीद झाडणारे म्हातारे मौजनसाहेब मागे चपलांपाशी ढकलले जातात. असा तो एकटा नाही. गल्लीत असे वीसजण आहेत.

"भाभी, बाहेरची माणसं येतात. जरा आत खात जावा," तो मला म्हणाला. मी आत गेले. आत म्हणजे कोठीत. फिनेलची बाटली, ज्वारीचं पोतं आणि उंदरांच्या लेंड्या. तिथे डब्यावर बसून मी महिनाभर नाश्ता करायची, तोही चार वर्षं. भांडी घासायला येणारी बाई एकदा म्हणाली, "मामी, चोरी केल्यावानी लपून कावून खाताव?" मी तिलाच गप्प केलं.

यंदा विसाव्या रोज्याला मी सुई घेतली आणि स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर बैठकीत सातआठजण. कोठीचं दार बैठकीतूनच. तालुक्याच्या एका पुढाऱ्याला इफ्तारला बोलवायचं होतं, त्याची मसलत चालली होती. बॅनरवर कुणाचा फोटो मोठा, पुढारी कुठे बसणार, रोजा सोडायचा खजूर त्याच्या हातात कोण देणार. मौजनसाहेबांनाही बोलावलं होतं, इफ्तारच्या पंगतीतली त्यांची जागा पुढाऱ्याला हवी म्हणून.

ताट हातात घेऊन त्यांच्यातून जायची मला लाज वाटली. स्वयंपाकघरातच खायचं, तर दार सताड उघडं. उठतील आता, म्हणून मी परत आत येऊन ओट्याला धरून उभी राहिले. पदर घामाने भिजला, ओटा हातातून सुटला. मी पडले.

भांडीवाली ओरडली, "अवो, मामीला बघा!"

दीर धावत आला आणि आधी काय म्हणाला ते ऐका. "हळू बोल, बाहेर लोक बसलेत. दार लोट आधी."

मौजनसाहेब उंबऱ्याशी येऊन थांबले, आत आले नाहीत. भांडीवालीला म्हणाले, "बेटी, शक्कर. जल्दी." मग दिराकडे वळून, "रोजा तुमारा है मियां, उनका नई. दार खुला रैने दो, हवा आने दो."

तिने साखर माझ्या जिभेवर ठेवली. त्या सगळ्या टोप्यांसमोर, दिवसाढवळ्या, मी साखर चघळली. आभाळ कोसळलं नाही. बैठकीतला एकजण तेवढ्यात विचारत होता, "मग खजूर कोण देणार?"

त्या दिवशी मला त्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी. सूट देवाने दिली होती. ती मी चार वर्षं एका गुटखेबहाद्दराकडे मागत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दीर म्हणाला, "भाभी, निदान पडदा तरी."

"पडदा टीव्हीला लावलाय ना तुम्ही? तेवढा पुरे," मी म्हणाले. आणि ओट्याशी स्टूल ओढून भाकरी खाल्ली. तो पुढचे तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. घरात तेवढीच शांतता.

ईदच्या आदल्या रात्री, चांदरातीला, न्हाव्याकडे महिनाभराच्या दाढ्या उतरवायला रांग लागली. ईदच्या संध्याकाळी टीव्हीवरची चादर निघाली, आणि अंगणातल्या भिंतीवर पहिली पिंक पडली.

मशिदीत आता पहाटे तीन माणसं असतात. मौजनसाहेब पहिल्या रांगेत असतात, कारण दुसरी रांग होतच नाही. मी आठला सुई घेते आणि साडेआठच्या आत, दार उघडं ठेवून, ओट्याशी नाश्ता करते.