पंचवीस फूट खाली सईचं ऑफिस

गेल्या शनिवारी फ्लोरिडाच्या समुद्रात, पाण्याखाली, मी आनंदाने मान डोलावली आणि सगळा घोटाळा करून ठेवला...

पण आधी मी तिथे पोचलेच कशी ते सांगते. मी छप्पन्न वर्षांची, माहेर नागपूरचं, म्हणजे समुद्राशी संबंध सहलीपुरता. टेक्सासमधल्या शुगर लँडला येऊन सत्तावीस वर्षं झाली, तरी पाण्यात कधी गुडघ्याच्या वर गेले नव्हते.

आमची सई तीन वर्षांपासून फ्लोरिडात कोरल वाढवते. कोरल म्हणजे आपलं पोवळं, पण अंगठीतलं नाही, समुद्रातलं जिवंत. त्याचे बोटाएवढे तुकडे पाण्याखालच्या नर्सरीत वाढवायचे आणि मोठे झाले की खडकावर नेऊन लावायचे, हे तिचं काम.

आमच्या गणपतीत कुणी विचारलं की मी "रिसर्च करते" एवढंच म्हणायचे आणि मोदकांचं ताट पुढे सरकवायचे. सगळ्यांची मुलं डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, आणि माझी लेक पाण्याखाली टूथब्रशने नर्सरीचे पाइप घासते हे सांगायला जीभ रेटत नव्हती. खोटं कशाला बोलू, लाज वाटायची.

सईला ते कळत होतं. गेल्या दिवाळीत फराळ करता करता ती शांतपणे म्हणाली, "आई, यू हॅव नेव्हर सीन इट." भांडली असती तर बरं झालं असतं... ते वाक्य मनाला फार लागलं.

मग मी स्कूबा डायव्हिंग शिकायचं ठरवलं. सईच्या बाबांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग तीन महिने दर शनिवारी मला पूलवर स्वतः ड्राइव्ह करून नेलं. नाकातोंडात पाणी गेलं, दोनदा "नकोच ते" म्हणून घरी आले, पण शेवटी एका गढूळ तळ्यात परीक्षा देऊन डायव्हिंगचं कार्ड मिळवलं.

तर शनिवार. बोटीवर मी, सई, तिच्यासोबत काम करणारी ग्रेस आणि कॅप्टन. नियम असा की नवीन माणसाला आधी ग्रेस एकटी खाली नेऊन तपासणार, मगच नर्सरीत. रविवारी जोराचा वारा सांगितला होता, सोमवारी माझं फ्लाइट... म्हणजे जे काय बघायचं ते आजच.

खाली गेले. कोमट निळं पाणी, आणि पिवळे मासे इतके जवळ की मी हरखूनच गेले. ग्रेसने अंगठा आणि तर्जनीचा गोल करून विचारलं, ठीक ना? उत्तर तसंच हाताने द्यायचं असतं. मी मान डोलावली. आपली ती "हो हो, चाललंय"वाली, डावी-उजवीकडे!

तिने पुन्हा विचारलं. मी आणखी प्रेमाने डोलावली. आमचे पूलवरचे सर केरळचे, त्यांची मान माझ्यापेक्षा जास्त डोलायची, त्यामुळे ही खोड कधी उघडकीलाच आली नव्हती. ग्रेसने अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ "छान" नाही, "वर चला" असा असतो.

वर आल्यावर कळलं, तिला वाटलं मला चक्कर येतेय. आज तुम्ही बोटीवरच आराम करा, असं ती अगदी गोड आवाजात म्हणाली. तीन महिन्यांची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात गेली.

मी बोटीवरच्या सईकडे बघितलं. आता म्हणेल, जाऊ दे गं, माझी आई आहे... पण ग्रेसही तिच्याकडेच बघत होती. म्हणाली, "युअर कॉल, सई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या बोटीवरची बॉस माझी मुलगी आहे. तिने कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं.

सई पाण्यात उतरली. "ग्रेस, दॅट वॉज अ येस. बट आई, मला हाताने आन्सर नाही दिसलं तर मी तुला वर आणणार. नो आर्ग्युमेंट." मग तिथेच तरंगत माझ्याकडून दहा वेळा खूण करून घेतली. नवव्या वेळी मान हलली तर पुन्हा पहिल्यापासून! मी निमूटपणे केलं. घरी माझ्यासमोर कुणाची असं बोलायची टाप नाही, आणि इथे मला राग तर आलाच नाही, उलट ऊर भरून आला.

मग आम्ही तिघी खाली गेलो. पाइपांची उभी झाडं, आणि त्यांच्या फांद्यांना तोरणासारखे टांगलेले शेकडो तुकडे. सईने माझ्या हातात टूथब्रश दिला. एका पाइपचं शेवाळ काढताना माझा खांदा भरून आला, आणि ही पोरगी हे रोज तासन् तास करते.

शेवटी तिने मला खडकाकडे नेलं. दोन उन्हाळ्यांपूर्वी पाणी इतकं तापलं की तिने लावलेलं बहुतेक सगळं पांढरं पडून मेलं होतं. तेव्हा ती फोनवर रडत होती आणि मी म्हणाले होते, "अगं, परत लाव की." जणू कुंडीतली कोथिंबीर.

त्या मेलेल्या खडकावर एकच झुडूप उभं होतं, तपकिरी-सोनेरी, माझ्या दोन ओंजळींएवढं. आत इवलेसे मासे लपत होते. सईने पाण्याखाली लिहायच्या पाटीवर वाकड्यातिकड्या अक्षरांत मराठीत लिहिलं, "हे जगलं."

मास्कच्या आत रडू नये म्हणतात, मग काहीच दिसत नाही. मी रडले.

सई, पाहिलं गं तुझं काम. मला यायला उशीर झाला, पण पाहिलं.