रिकाम्या सीटांच्या बस

हे गेले आणि मागे कपाटभर छोट्या बस उरल्या. जुन्या इंग्रजी प्रवासी गाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. आज त्यांचे एक संग्राहक मित्र त्या न्यायला आले. मी एक खोक्यातून काढली, तसे ते दचकले.

"वहिनी, अहो, खोक्यातून काढलं की किंमत उतरते! ही काय खेळणी आहेत?"

मी यांच्या भिंगातून आत डोकावले. पडदे होते, तांबड्या सीटा होत्या, पण माणूस एकही नव्हता.

"ड्रायव्हरसुद्धा नाही?"

"यात माणसं बसवत नाहीत."

रिकामी सीट दिसली की मन तिथे कुणाला तरी बसवतेच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून माझी जागा धरणारे हे, इथे रोज संध्याकाळी या बसपाशी भिंग घेऊन बसत, तेव्हा कुणाची जागा धरत असतील?

"एवढी राहू द्या, भावोजी," मी म्हटले. "माझं अजून बघून झालं नाही."