तारलीचं जेवण

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं त्या काळी मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. प्रयोगशाळेतला शिपाई पूर्वी कौंडण्यपूरला वर्धा नदीत जाळं टाकायचा. समुद्र त्याने कधी पाहिला नव्हता. मासा चिरण्याआधी तो त्यालाच हळूच विचारायचा, "काय जेवला रे बाप्पा?"

एकदा मुंबईहून औषधात बुडवलेल्या तारल्यांची बरणी आली. ही मासोळी लहान मासे धरून खाते, असं मी वर्गात ठासून सांगितलं. त्याने पोट चिरलं, तर आत नुसता हिरवट चिखल.

"घाण आहे ती, धुऊन टाक," मी म्हणालो.

"कावून सर? जेवणच हाये थे. कल्ल्यात पाहा ना, फणीवानी दाट काटे हायेत. पाणी गाळून खाते हे."

मुलं हसली. मी तापलो. "आता तू शिकवणार का? उद्यापासून चाकूला हात लावायचा नाही. झाडू मारायचा."

त्याने बशी धुतली, पण त्या चिखलाचा एक थेंब काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. मुलं गेल्यावर मी डोळा लावला. हिरव्या कणांत शेकडो इवले जीव होते, कोळंबीसारख्या मिशांचे.

पुढच्या वर्षी मी तेच शिकवलं, माझं स्वतःचं निरीक्षण म्हणून. तो दाराशी झाडू घेऊन ऐकत होता. तास संपल्यावर म्हणाला, "आता बराबर सांगतलं, सर."

आवाजात टोमणा नव्हता. ते निरीक्षण त्याचं होतं, हे आज लिहून ठेवतो. चाकू मात्र मी त्याला शेवटपर्यंत परत दिला नाही.