बोर्डाच्या पाठीवरचं नाव

शेवटचं आम्ही नवरा-बायकोने मिळून काय केलं, तर दुपारचा चहा प्यालो आणि तिने उठून एसी बंद केला. शुक्रवार होता. मी खाटेवर लोळत होतो. ती खाली बसून दुसऱ्या दिवशीच्या डब्यांसाठी लसूण सोलत होती. बोलता बोलता थांबली, कान दिला आणि म्हणाली, "थांबत आलं बघा पाणी." गुडघ्यावर हात टेकून उठली. मी म्हटलं, "बस, मी करतो." म्हटलं फक्त. उठलो नाही.

पाणी थांबलं म्हणजे काय ते सांगतो. मी एसीचा मेकॅनिक. चाळीस वर्षं इकडे आखातात, सलमाबादेत काढली. खाली गाळा, वर आमची खोली. शाळा पाचवीपर्यंत, पण कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून बिघाड सांगतो. आणि माझ्याच खोलीतल्या एसीचा बोर्ड जळलेला. बोर्ड म्हणजे आतली हिरवी पट्टी, एसीचं डोकं. कधी चालायचं, कधी थांबायचं, ते ती ठरवते. कंपनीचा नवा बोर्ड महाग, म्हणून मी वायर जोडून एसी डायरेक्ट केला होता. डायरेक्ट केलेला एसी थांबतच नाही. आत बर्फ धरतो, आणि नळीतून बादलीत पडणारं पाणी बंद होतं. तेव्हा कुणीतरी उठून तो बंद करायचा आणि अर्ध्या तासाने परत लावायचा. ते कुणीतरी म्हणजे ती. दोन उन्हाळे.

एसी आपोआप बंद-चालू करणारा साधा थर्मोस्टॅट बसवला असता तरी भागलं असतं. गिऱ्हाइकांकडे मी रोज बसवतो. घरी मात्र उद्या, परवा.

या उद्या-परवाला कारण होतं. इथल्याच सनाबिस भागात पुण्याची एक पोरगी राहते, इंजिनियर आहे. तिच्या एसीचा बोर्ड गेला तेव्हा मी सांगितलं, नवाच घ्यावा लागेल, याचा डायग्राम कंपनी कुणाला देत नाही. पोरगी भडकली. "का देत नाही?"

"दिला तर तुझ्याकडून पैसे कसे उकळणार?"

काही महिन्यांनी ती लॅपटॉप घेऊन गाळ्यावर हजर. म्हणाली, ती आणि तिचे मित्र स्वतःचा बोर्ड बनवतायत, कुठल्याही एसीला बसेल असा. डायग्राम सगळ्यांना खुला. कुणीही बनवा, कुणीही दुरुस्त करा. त्यासाठी नेटवर पैसे गोळा करत होते.

मी म्हटलं, "फुकट वाटायचंय, तर पैसे कशाला?"

"वाटायच्या आधी बनायला नको का, काका? दहा बोर्ड जळतील तेव्हा अकरावा चालेल. त्या दहांचे पैसे कोण देणार?"

बोलणं पटलं. पण मी फसलो ते त्यामुळे नाही. ती सहज बोलून गेली की मोठी रक्कम देणाऱ्याचं नाव बोर्डाच्या पाठीवर छापणार. जन्मभर मी दुसऱ्यांचे बोर्ड उलटे करून बघितले. माझं नाव कुठेच छापलेलं नव्हतं. गाळ्यावरच्या पाटीवर पण कफीलाचं, म्हणजे इथल्या मालकाचं.

माझ्याकडे पैसे नव्हते. बायकोकडे होते. मुलुखातून आलेल्या एकट्या गड्यांना डबे देऊन तिने नव्या एसीसाठी साठवलेले. मी मागितले. म्हटलं, दोन महिन्यांत बोर्ड येतो, पहिला आपल्याच घरात.

"तुमचे दोन महिने मला ठाऊक आहेत. लग्न झाल्यावर दोन महिन्यांत इकडे आणणार होतात."

"आणली ना?"

"नवव्या वर्षी," ती म्हणाली आणि पैशाचा डबा माझ्यापुढे सरकवला. हसत सरकवला. तिने कुरकुर केली असती तर आज मला बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांचं वर्ष झालं. पोरगी बोर्ड आणायची, मी गाळ्यात लावून बघायचो, तो जळायचा. कधी इथल्या दमटपणाने गंजायचा. एकदा ती वर जेवायला आली. जेवता जेवता माझ्या बायकोने दोनदा उठून एसी बंद-चालू केला. पोरगीने विचारलं, "काकू, तुम्हाला कसं कळतं कधी बंद करायचा?"

"थेंब ऐकायचे. थेंब विरळ झाले की वर बर्फ धरायला लागला. पूर्ण थांबायची वाट बघायची नाही, मग वितळायला फार वेळ लागतो."

पोरगीने हात न धुताच ते फोनमध्ये लिहून घेतलं. पुढच्या बोर्डात पाण्याचे थेंब ओळखणारी एक बारीक तार घातली, आणि तो बोर्ड जळला नाही, चालला. तो एकच होता, त्यावरून पुढचे छापायचे म्हणून पोरगी परत घेऊन गेली. मला चाळीस वर्षं हा धंदा करून थेंब मोजायचं सुचलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. बायकोला म्हटलं, "आता तूच गाळ्यावर बस, मी लसूण सोलतो."

"सोलाल, पण अर्धा सालासकट टाकाल," ती म्हणाली.

त्या शुक्रवारी ती स्विचपाशी उभी असतानाच पोरगीचा फोन आला. बोर्ड छापायला जायचा होता. "काका, नाव काय घालू?" मी माझं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट.

"काकूंचं नको? ओळ एकच आहे, म्हणून विचारते."

फोन स्पीकरवर होता. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "माझं कशाला? तो बोर्ड उघडणारे सगळे तुमच्यासारखे, काळ्या हाताचे. मला त्यांच्यात कोण ओळखतंय?" आणि लसणाकडे वळली. पैसे तिचे होते, दोन उन्हाळ्यांची उठबस तिची होती. मी फोनमध्ये म्हटलं, "माझंच घाल."

संध्याकाळी तिच्या पाठीत कळ आली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत खलास. एखादं काम आटोपलं की हा शब्द मी दिवसातून दहा वेळा म्हणतो. डॉक्टर म्हणाले, हार्ट होतं, तुम्ही काही करू शकला नसता. मी काय करू शकलो असतो ते डॉक्टरला कुठून ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, न्यायला खोलीवर आलो. हॉस्पिटलला कागदांसाठी हवं होतं. दार उघडलं तर एसी चालूच. कळ यायच्या आधी तिनेच परत लावला असणार. बंद करायला कुणी नव्हतं. वर पांढरा बर्फ, बादलीत एक थेंब नाही. खाटेपासून स्विचपर्यंत चार पावलं आहेत. मी चाललो आणि बंद केला.

तिच्या पाकिटातून कार्ड काढलं आणि पोरगीला फोन लावला. आधी बातमी सांगितली. मग विचारलं, "बोर्ड गेला का छापायला?"

"आज जाणार होता. काका, तुम्ही आत्ता त्याचं..."

"माझं नाव काढ. तिचं घाल."

"मी जागा करते, दोन्ही घालू."

"नको. पैसे तिचे, कान पण तिचे. माझं काढ."

पोरगी रडायला लागली. मी म्हटलं, "रडायचं नंतर. आधी लिही." नाव बदलून माझ्या मनाला काही बरं वाटलं नाही. आदल्या दिवशी बायकोसमोर हेच बोललो असतो तर ती लाजून का होईना, हसली असती. आता नाव बदलायला मला काय लागत होतं?

पोरगीने इंग्रजीतलं स्पेलिंग विचारलं. मला इंग्रजी वाचता येत नाही, अक्षरं तेवढी ओळखतो. कार्ड खिडकीपाशी धरून एकेक अक्षर सांगत गेलो. ती पलीकडून परत म्हणत होती. मध्येच बर्फ सुटायला लागला आणि बादलीत थेंब पडू लागले, तेव्हा माझी एक अक्षराची चूक झाली. पहिल्यापासून परत सांगितलं. शेवटी तिने सगळं नाव एकदम वाचून दाखवलं.

"बरोबर," मी म्हटलं. मग कार्ड वरच्या खिशात घातलं आणि हॉस्पिटलात द्यायला निघालो.