मामांनी विचारलेला प्रश्न

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात शोधून सापडायचा नाही. नांदगावला त्यांची काजूची बाग आहे, पण खरा धंदा चौकशीचा. एसटीत चढण्याआधी ते चालकाला रात्री झोप झाली का ते विचारतात. एकदा वधूपक्षाच्या बैठकीत त्यांनी भटजींनाच किती लग्नं टिकली ते विचारलं होतं. बैठक तिथेच उठली.

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली, तरी मूल नव्हतं. बायकोच्या तपासण्यांची फाइल जाडजूड झाली होती. शेवटी शहरातलं वंध्यत्व उपचार केंद्र गाठायचं ठरलं, आणि मामा न बोलावता गाडीत येऊन बसले.

केंद्राच्या भिंतीवर यशाचा भलामोठा टक्का रंगवला होता. डॉक्टरसाहेब थेट टेस्टट्यूब बेबीबद्दल बोलू लागले. मामांनी सरकारी कचेऱ्यांत वापरायची ठेवणीतली शुद्ध मराठी काढली. “हे यश म्हणजे नेमकं काय? तपासणीत गर्भ दिसला ते, की मूल घरी गेलं ते? आणि आमच्या मुलीच्या वयाच्या बायकांचा आकडा वेगळा असेल ना?”

डॉक्टरसाहेब घड्याळाकडे पाहू लागले. मी लाजून जमिनीकडे पाहत होतो, तेवढ्यात मामा म्हणाले, “आणि जावयांची तपासणी कधी केली?”

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. माझी तपासणी कुणी केलीच नव्हती. सहा वर्षांत ते कुणाच्या मनातही आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. बायकोने फाइल उचलून पिशवीत टाकली. आम्ही उठलो.

बाहेर चहाच्या टपरीवर बायको जरा लांब उभी होती. मी रागाने मामांना म्हटलं, “चारचौघांत हे विचारायची गरज होती?”

मामा बशीत चहा ओतत राहिले. मग हळू म्हणाले, “जावयबापू, तुमच्या मामीन पंचवीस वर्सां पोरासाठी सोमवार केल्यान. गावान तिका काय काय नावां ठेवली. माका कोण इचारूक नाय, आनी मी जावक नाय. साठी उलाटल्यार गुपचूप तपासून घेतलंय. दोष माझो निघालो.”

मी विचारलं, “मामींना सांगितलंत?”

“सांगलंय. फुडल्या सोमवारी ती बांगडो तळून जेवली.”

दुसऱ्या केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी आधी माझी तपासणी केली. शुक्राणू फारच कमी निघाले. टेस्टट्यूबचाच उपचार लागेल, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आशेचा आकडा लहानच सांगितला, तोही मूल हातात येण्याचा. जामसंड्याला घरी परतल्यावर मी आईला म्हटलं, “दोष माझ्यात आहे.” आईने भाजीची विळी बाजूला सारली आणि सुनेच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग उठून आत गेली.

पहिला प्रयत्न फुकट गेला. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली.

मामा-मामी दर महिन्याला येतात. मामी तिला मांडीवर घेऊन न्हाऊ-माखू घालतात. मामा मात्र तिला अजून उचलत नाहीत. ती झोपली की पाळण्याशेजारी खुर्ची ओढतात आणि कुणाला काही न विचारता बसून राहतात.