शेंदराखालचा दगड

ह्यांच्या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण छापलंच गेलं नाही. त्याचं वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर सरळ सांगते, अजिबात नाही. आजही आठवलं की हायसं वाटतं.

लग्न होऊन मी अंबरनाथला आले तेव्हा ते पुस्तक आधीच घरात होतं. छापलेलं नव्हे, लिहिलं जात असलेलं. हे शाळेत इतिहास शिकवायचे आणि सुट्टी मिळाली की सायकल काढून बदलापूरपर्यंतचे पाडे पालथे घालायचे. आमच्या गावचं जुनं शिवमंदिर बघायला लांबलांबून विद्वान यायचे, मापं घ्यायचे, फोटो काढायचे. ह्यांना त्याचं काही नाही. "देवळावर सगळेच लिहितात. वेशीवरच्या दगडावर कोण लिहितं?" असं ह्यांचं म्हणणं. गावदेव्या, म्हसोबा, वेताळ. कुठल्या दगडाचा कसा देव झाला, त्याचा मान कुणाच्या घरात, पूजा कोण करतं आणि लांबून हात कुणी जोडायचे, असा सगळा त्या पुस्तकाचा पसारा. घरात मीठ संपलंय हे ह्यांना चार वेळा सांगावं लागायचं, पण कुठल्या पाड्यावर कोंबडं कोणत्या वारी कापतात हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील!

आणि अक्षर म्हणाल, तर कोंबडीचे पाय. म्हणून छापखान्यात द्यायची प्रत मी लिहायची. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवीनच होतं, आम्ही कँपच म्हणायचो. तिथल्या सिंधी दुकानदाराकडून कागदाचे दस्ते आणायचे आणि दुपारची भांडी झाली की लिहायला बसायचं. मला ते काम आवडायचं. माहेरी शाळा सुटली होती ती अशी पुन्हा सुरू झाली, असं वाटायचं.

मोरिवलीच्या पुढे भातखाचरांच्या कडेला एक पाडा होता, त्याची गावदेवी वडाखाली. वर छप्पर नाही, नुसता चौथरा, आणि त्यावर कमरेइतकी उंच शेंदराची रास. वर्षानुवर्षं तेल-शेंदूर चढवून चढवून आतला दगड कसा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वर दोन चांदीचे डोळे, बस्स.

माझी पहिली दोन मुलं जगली नाहीत. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. तिसऱ्या खेपेला आमच्याकडे भाजी घालणारी त्या पाड्यावरची बाई म्हणाली, "मास्तरीणबाई, आमच्या आईची ओटी भरा. ती पोरांवर नजर ठेवते." गेले, भरली. मुलगी झाली, आणि जगली. मग दर वर्षी चैत्रात खण, नारळ, हिरव्या बांगड्या घेऊन मी जायची. ह्यांनी कधी नको म्हटलं नाही, कधी बरोबरही आले नाहीत. ओटीतल्या नारळाच्या वड्या मात्र मिटक्या मारत खायचे.

एका जत्रेला तिथल्या गुरवाने ह्यांना मान म्हणून शेंदूर चढवायला दिला. हे घरी आले ते सायकल अंगणात आडवी टाकूनच. "अगं, तो वीरगळ आहे!" वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभारलेला कोरीव दगड; खाली लढाई, वर स्वर्ग, माथ्यावर चंद्रसूर्य. शेंदूर चोळताना ह्यांच्या तळहाताला घोड्याची मान लागली होती, वरच्या अंगाला अर्धचंद्र लागला होता. लोक वीराला विसरले आणि त्याच दगडाची आई केली, असं ह्यांनी मांडलं. मुंबईत विद्वानांच्या बैठकीत ते वाचलं, तर तिथे सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. त्या एका प्रकरणावर प्रकाशक तयार झाला. बाकीचं पुस्तक त्याच्या मागे बांधलेलं.

आणि त्याची प्रत कोण करणार? मीच. "ही देवी मुळात देवी नाही," हे वाक्य मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि टाक खाली ठेवला.

"अहो, मग मी ओटी कुणाची भरली? मेलेल्या शिपायाची?"

"अगं, श्रद्धेचा प्रश्न वेगळा, इतिहासाचा वेगळा."

"प्रश्न वेगळे असतील. बाई एकच आहे ना!"

मी पुढचं पान घेतलं आणि प्रत पूर्ण करून दिली, एक अक्षर गाळलं नाही. पण त्या चैत्रात मी ओटी भरायला गेले नाही. पाय उचलेना. कुणापुढे हात जोडायचे तेच कळेना. मुलीला जरा कणकण आली तरी रात्रभर तिच्या उशाशी बसून राहायची. आधी निदान जाऊन सांगायला कुणीतरी होतं, आता कुणाला सांगू? ह्यांच्यावर असा राग यायचा की विचारू नका, आणि रागावू तरी कशावर? माणूस काही खोटं बोलत नव्हता.

मे महिन्यात छापखान्यातून तपासायचे कागद आले. बाकीचे ह्यांनी झटपट पाहून परत धाडले. ते प्रकरण मात्र टेबलावर पडून राहिलं. आज पाहतो, उद्या पाहतो. प्रकाशकाची घाई चालली होती. मला वाटलं, उन्हामुळे आळस करतायत.

अशात एका सकाळी गुरव धापा टाकत दारात. "मास्तर, आई उघडी झाली! रातीच कवच सुटलं. बगायचं तं आताच चला. नवा शेंदूर चढला का मग तुमच्या-माझ्या जल्मात नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाईंना पन आना. आडोसा धराया सवाष्णी लागतात."

शेंदराचं असं जाड कवच कधीतरी उन्हाने आपोआप सुटून पडतं. मग ते टोपलीत घालून वाजतगाजत नदीत सोडायचं आणि देवाला पुन्हा पहिल्यापासून शेंदूर लावायचा. तोवर बायका लुगड्याचा आडोसा धरतात, उघडी आई कुणी बघू नये म्हणून. मुलीला शेजारी ठेवलं आणि निघालो. वाटेत मी मनात म्हणत होते, आज कायमचा निकाल. घोडा दिसला की संपलं.

वडाखाली ही गर्दी. कवच दोन तुकड्यांत पडलेलं, चांगलं वीतभर जाड. मला लुगड्याचं एक टोक धरायला दिलं, दुसरं त्या भाजीवाल्या बाईने धरलं. गुरव आणि हे आडोशाच्या आत. मला बाजूने ह्यांची पाठ दिसत होती, दगड दिसत नव्हता. ह्यांनी गुडघे टेकले, चष्मा पुसला, फडक्याने तेलकट थर पुसला. मग हात फिरवायला लागले. वरून खाली, पुन्हा वर. एका जागी बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. माझे हात भरून आले होते, पण लुगडं खाली करायची सोय नव्हती. बोट थांबलं म्हणजे काहीतरी सापडलं! घोड्याचा डोळा का असेना, विद्वानांना तेवढा पुरतो.

"काय हाय, मास्तर?" गुरवाने विचारलं.

ह्यांनी त्या जागी पुन्हा नख फिरवलं. मग म्हणाले, "खळगा आहे. पाण्याने पडलेला. बाकी काही नाही. दगड कोराच आहे."

"कोराच असनार," भाजीवाली बाई लुगड्याआडून म्हणाली. "आईला कोन कोरतंय?"

घोड्याची मान म्हणून जी हाताला लागली होती, ती शेंदराची ओघळून थिजलेली गाठ. अर्धचंद्रही तसाच. दोन्ही त्या पडलेल्या कवचातच होती. हे उठले, तेव्हा चेहरा बघायला मी मान लांब केली. मला वाटलं, आता हा माणूस इथेच खाली बसणार. इतक्या वर्षांचं काम, मुंबईतली ती वाहवा, सगळं एका खळग्यात गेलेलं. माझा जीव भांड्यात पडला होता हे खरं, पण ह्यांच्याकडे बघून तो आनंद दाखवायची लाज वाटली.

परत येताना बांधावर मीच विषय काढला. "आता प्रकरणाचं काय?"

"काढून टाकायचं. दुसरं काय?" आणि हे हसायलाच लागले. साधं नव्हे, पोट धरून. "चुकलो गं! साफ चुकलो! शेंदरावर स्वार झालो होतो!"

"अहो, पण पुस्तक?"

"होईल बारीक. होऊ दे."

मला काही ते झेपेना. मी म्हटलं, दगड कोरा निघाला म्हणून देवी खरी, असं तर काही सिद्ध होत नाही. एवढं मलाही कळतं. हे म्हणाले, "नाहीच होत. ते मी लिहिणारही नाही." मग थोडं चालून, माझ्याकडे न बघता, "तू चैत्रात गेली नाहीस ना, तेव्हापासून मला ते कागद उघडवेनात. रोज म्हणायचो, देवा, माझं खोटं निघू दे."

आयुष्यात ह्यांच्या तोंडून 'देवा' मी पहिल्यांदा ऐकलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी मुद्दामच खवचटपणे विचारलं, "कुठल्या देवाला म्हणायचात?"

"जवळ होती, तिलाच," हे म्हणाले, आणि भराभर पुढे चालायला लागले.