शाईतले अकरा आकडे

रुसांका बाई,

औषधालयातल्या नव्या मुली जुन्या माणसांची एक वही करताहेत. तुझ्याबद्दल दोन शब्द द्या म्हणाल्या. दोन शब्दांत तू मावत नाहीस, आणि गोडगोड लिहिणं मला जमत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हा त्या जानेवारीचंच लिहिते. पण 'तू' म्हणत लिहायला गेले तर ओळीओळीला माझा हात धरशील, हे कशाला, ते कशाला, कुणी वाचलं तर? म्हणून इथून पुढं तुला 'ती' म्हणते.

रुसांका कोत्सेवा घाबरट होती. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मेलेल्या माणसाला शूर करून टाकायची लोकांना सवय असते. दारावरची घंटा वाजली की ती आधी दिवा मालवायची. सरकारी पाकीट आलं तर ते दिवसभर ओट्यावर तसंच पडायचं. लहानपणी बापाची पिठाची गिरणी सरकारजमा झाली, तेव्हा कागद घेऊन आलेला माणूस चांगला हसतमुख होता. तेव्हापासून हसतमुख माणसांची तिला जास्त धास्ती. व्रात्साच्या तंत्रशाळेत ती रसायन शिकली, दुनाव नदीकाठच्या आमच्या रुग्णालयात (मी तिथं डोळ्यांची डॉक्टर) प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली आणि सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी बसली.

ते टेबल औषधालयाच्या मागच्या खोलीत होतं. तिथं ती डोळे धुवायचं पाणी करायची. मोतीबिंदू काढल्यावर डोळा साध्या मीठपाण्यानं धुवून भागत नाही. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ठरल्या जागी राहावा लागतो. त्यासाठी फॉस्फेटचे दोन क्षार मोजून मिसळायचे. एक आम्लाकडे ओढतो, दुसरा अल्कलीकडे, आणि त्या ओढाताणीत पाणी मधल्यामधे उभं राहतं. वरून थेंबभर आम्ल पडलं तरी जागचं हलत नाही. हेच बफर. औषधालयाचे प्रमुख कॉम्रेड फिल्चेव तिला म्हणायचे, "सव्वीस वर्षं बफर करतेस, रोज घोटभर प्यायली असतीस तर एव्हाना कशानंच हलली नसतीस." ती हसायची, आणि साहेबांना नेमकं काय सुचवायचं होतं याचा दिवसभर विचार करत बसायची.

कामाची पद्धत ठरलेली होती. आधी हिशेब: क्षारांची वजनं घ्यायची, त्यांचं प्रमाण काढायचं, लॉगचं कोष्टक उघडायचं, उत्तर सात पूर्णांक दोन. ते नोंदवहीत पेन्सिलीनं लिहायचं. मग मीटर. काचेची कांडी आधी सोफियाहून आलेल्या प्रमाण द्रावणात बुडवून मीटर जुळवायचं, कांडी धुवायची, टिपायची, आणि आपल्या द्रावणात सोडायची. काटा सात दोनवर थांबला की पेन्सिलीवर शाई. शाई म्हणजे सही. शाई बघितल्याशिवाय बाटली वॉर्डात जात नसे.

पंच्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात वीज पाळीनं मिळत होती. तीन तास यायची, एक तास जायची, आणि ठरलेली वेळही पाळायची नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीला जनित्र होतं, मागच्या खोलीला नव्हतं. मीटर तापून स्थिर व्हायला अर्धा तास घेई, आणि ते स्थिर होतंय तोवर वीज गुल. वर डोळ्यांच्या विभागातून माझी नर्स दारात येऊन उभी: डॉक्टरीणबाई विचारताहेत, पाणी मिळणार आहे की दुनावचा बर्फ फोडून आणू?

रुसांकानं पेन्सिलीतल्या सात दोनकडे बघितलं. सव्वीस वर्षांत पेन्सिल आणि शाई कधी वेगळी निघाली नव्हती. तिनं शाई फिरवली. त्या दुपारी तिनं डब्यातली चीज भरलेली बानित्सा तशीच घरी नेली. दुसऱ्या वेळी अर्धी खाल्ली. तीन आठवड्यांत न मोजता शाई केलेल्या बाटल्या अकरा झाल्या, आणि एकेका बाटलीनं एकेकाचा डोळा धुतला गेला.

मग एका मंगळवारी वीज टिकली. तिनं नवं द्रावण केलं आणि कांडी बुडवली. काटा सात पाचवर गेला आणि तिथंच राहिला.

तिनं कांडी धुतली, पुन्हा बुडवली. सात पाच. द्रावण ओतून दिलं, दुसरं केलं. सात पाच. प्रमाण द्रावणाची नवी बाटली फोडली. ते मीटरनं बिनचूक दाखवलं. म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हतं. तराजूची वजनं तपासली, तीही बरोबर. आजचं द्रावण ओतून देता येत होतं. त्या अकरा बाटल्या डोळ्यांत ओतून झाल्या होत्या.

ती फिल्चेवांकडे गेली. गुरुवारी जिल्ह्याहून तपासणी यायची होती, म्हणून ते फायलींत बुडालेले. मान वर न करता म्हणाले, थोडं जास्त आम्ल घाल, खाली येईल. तिनं सांगितलं की आम्लानं आकडा खाली येईल, पण तो वर का गेला ते कळणार नाही, आणि मग त्या अकरा बाटल्यांचं काय. ते वाक्य तोंडातून निसटलं होतं. फिल्चेव उठले, दार लावून घेतलं.

"कुठल्या अकरा?"

तिनं सांगितलं.

"हे तू मला सांगितलेलं नाहीस," ते म्हणाले. "शाईत काय आहे? सात दोन. मग सात दोनच." आणि ते छान हसले.

ते हसू बघताच ती दार उघडून बाहेर पडली. टेबलाशी परत येऊन तिनं सगळं पुन्हा एकेक करून बघायला घेतलं. जरा वेळानं तिची नजर दुसऱ्या, अल्कलीकडे ओढणाऱ्या क्षाराच्या बरणीवर गेली. ही बरणी तळघरातल्या कोठारात असायची. तिथं उंदीर, आणि उंदरांची तिला भीती. म्हणून डिसेंबरात तिनंच ती वर आणून गरम पाण्याच्या नळावरच्या फळीवर ठेवली होती. बूचही सैल. आतले खडे पूर्वी खडीसाखरेसारखे लखलखीत असायचे, आता त्यांची पांढरी भुकटी झाली होती.

या क्षाराच्या खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. नळाच्या उबेनं ते पाणी उडून गेलं होतं. ती वजन पूर्वीइतकंच घेत होती, पण त्यात क्षार दुप्पट येत होता. प्रमाण दुप्पट, म्हणजे आकड्यात दोनच्या लॉगची भर, शून्य पूर्णांक तीस. सात दोन अधिक तीन दशांश, सात पाच. तरी तिनं दहा ग्रॅम भुकटी चिनी मातीच्या बशीत घेऊन ज्योतीवर पूर्ण सुकवली. क्षार मूळचा असता तर चार ग्रॅम उरायला हवा होता. आठ उरला. विश्वास बसेना, म्हणून तीनदा तोलला. तिन्ही वेळा आठ.

कारण सापडल्यावर तिला धीर आला असेल असं वाटत असेल तर विसरा. तोवर निदान विजेला नावं ठेवता येत होती. आता बरणी तिची, फळी तिची आणि शाईही तिची.

नोंदवही छातीशी धरून ती तिसऱ्या मजल्यावर माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यावरच उभी. सगळं एका दमात सांगून टाकलं, फिल्चेवांचं हसणंसुद्धा. मी तिला फाडून खाल्लं. इतकी भित्री बाई, मग मीटर लागेपर्यंत थांबायला काय झालं होतं, असं विचारलं.

"तुमची भीती वाटली," ती म्हणाली.

मी तिच्या हातातली नोंदवही घेऊन ते आकडे बघितले. मग सांगितलं की तीन दशांशानं डोळा जात नाही.

"आणि दुप्पट क्षारानं?"

"त्यानंही जाऊ नये."

"शपथेवर सांगता?"

शपथेवर सांगण्याइतकं मला ठाऊक नव्हतं, तेव्हा मी उठले. विभागात उरलेलं तिचं सगळं पाणी आम्ही दोघींनी मोरीत ओतलं आणि अकराही रोग्यांना तपासणीला यायची पत्रं टाकली.

गुरुवारी तपासणीच्या लोकांनी मागायच्या आधीच तिनं नोंदवही पुढं ठेवली. अकरा आकड्यांवर लाल रेघ, समासात 'न मोजलेले', खाली सही. ती सही इतकी वेडीवाकडी होती की एकानं विचारलं, ही तुमचीच ना? फिल्चेवांना लेखी ताकीद मिळाली. तिला टेबलावरून काढून बाटल्या धुवायला बसवलं, निवृत्तीपर्यंत, सहा वर्षं. फिल्चेव तिच्याशी पुन्हा बोलले नाहीत. ती मात्र रोज सकाळी त्यांना नमस्कार घालायची. धैर्य वगैरे काही नव्हतं, भीतीच होती ती.

पत्रं मिळाल्यावर दहा जण आले. दहाही डोळे स्वच्छ होते. अकरावी होती स्लिवोवो गावची त्सोना आजी, डावा डोळा. ती आली नाही, तिचं उत्तरही आलं नाही. दुसऱ्या पत्रालाही नाही.

मार्चमधे रुसांका ओल्या एप्रनवरच माझ्याकडे आली. "तुमच्याकडे गाडी आहे," म्हणाली. "एकटीनं तिच्या दारात उभं राहायची माझी छाती नाही. तुम्ही डोळा बघा, मी नुसती मागं उभी राहीन."

मी म्हटलं, रविवारी जाऊ. त्या रविवारी रस्त्यात चिखल होता. पुढच्या रविवारी गाडीची बॅटरी बसली. मग ईस्टर आला, मग माझ्या शस्त्रक्रियांची रांग. दर वेळी तू "बरं" म्हणायचीस, आणि तुझा सुटकेचा श्वास ऐकून मलाही सुटल्यासारखं वाटायचं, रुसांका. आता लिहितेच आहे तर हेही लिहिते. स्लिवोवो इथून अठरा किलोमीटर आहे. आपण गेलो नाही.